हूं थांबलं की गोष्ट तुझी

तुळसाबाईला गोष्ट सांगता येत नव्हती. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आमच्या गावात हे आता कोणी बोलणार नाही. तिला जाऊन वर्ष होत आलं, आणि गेलेल्या माणसाबद्दल गाव खरं बोलत नाही. मी बोलतो. तीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो आणि त्या तीस वर्षांत एकदाही खोटं बोललो नाही. खरं तेवढं जरा फुगवून सांगितलं. पुरी फुगते तेवढंच. आत पीठ तर खरंच असतं ना?

तर तुळसाबाई. उंची चार फूट, त्यातही अर्धा फूट अंबाड्याचा. तोंडात दात तीन, तेही एकमेकांशी भांडण असल्यासारखे लांब लांब. आवाज इतका बारीक, की शेजारून सायकल गेली तरी दबून जावा. खुर्चीवर कधी बसली नाही. दाराच्या चौकटीला पाठ लावायची, पायातल्या चपला काढून त्यांच्यावरच बसायची. म्हणजे चपला चोरीला जायची भीती नाही आणि खालची फरशीही गार लागत नाही. अशा बाईनं मला हरवलं. मला! ज्याची वाघाची गोष्ट ऐकायला लोक लाखांदूरला उतरायचं सोडून पुढं वडशापर्यंत यायचे!

ती गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुढं लागणार आहे. जंगलाच्या वळणावर एका म्हाताऱ्या वाघानं पंजा वर करून माझी गाडी थांबवली. आत आला, माझ्याच सीटवर बसला. मी म्हटलं, ज्येष्ठ नागरिक असाल तर आधार कार्ड दाखवा, तर त्यानं पंजा दाखवला. नखं मोजली, वय भरलं, हाफ तिकीट फाडलं. लाखांदूरच्या स्टँडवर तो शिस्तीत उतरला आणि बाजाराच्या गर्दीत मिसळून गेला. ही गोष्ट मी एकदा नागपूरच्या लग्नात सांगितली, तेव्हा वऱ्हाड अक्षता हातात धरून उभं राहिलं, मुहूर्त टळला, आणि भटजीच मला म्हणाले, "मंग काय झालं जी?"

माझी सगळ्यात मोठी श्रोती होती माझी नात, रेवा. चौथीत. तिचे आईबाप दोघं वरठीला, बाप लोखंडाच्या कारखान्यात, आई तिथल्या दवाखान्यात. म्हणून पोरगी आमच्याकडे. रोज दिवेलागणीला माझ्या खाटेवर येऊन बसायची नि म्हणायची, "आबा, सांगा." बस, एवढंच. रिटायर माणसाला आणखी काय लागतं? पेन्शनपेक्षा मी त्या "सांगा"ची जास्त वाट पाहायचो.

मग शाळेत भुरे मॅडम आल्या. नवी मास्तरीण, डोक्यात नवे किडे. त्यांनी शनिवारच्या शाळेचे शेवटचे दोन तास गावातल्या म्हाताऱ्यांना देऊन टाकले. म्हणाल्या, पोरं आणि म्हातारे मिळून दर शनिवारी एक नवी गोष्ट बनवतील. टोपलीत एक वस्तू ठेवायची, कधी बैलाची घंटी, कधी तुटका चष्मा, आणि त्या वस्तूवरून सुरू करायचं. गावातले सात-आठ म्हातारे वऱ्हांड्यात जाऊन बसले. पहिल्या शनिवारी घंटी होती. मी ती घंटी वाघाच्या गळ्यात बांधली आणि चाळीस मिनिटं तोच वाघ सांगितला. दुसऱ्या शनिवारी चष्मा होता. तो वाघाच्या नाकावर चढवला. पोरं हसून हसून लोळली. तलावावरचे बगळे उडाले, म्हणतात. मी नाही पाहिलं, मी सांगण्यात होतो.

तिसऱ्या शनिवारी तुळसाबाई आली. म्हणजे आली नव्हती, दारात होती. शाळेच्या फाटकाशी ती उकडलेले शिंगाडे विकायची. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं तेव्हा उठलेल्या एका गावची ही मासे धरणाऱ्या धीवराची बाई. आमच्या गावाच्या कडेला पुनर्वसनाची वस्ती झाली, तिथं राहायची. भुरे मॅडमनी तिला हाक मारली, "आजी, या ना आत." तिनं टोपली डोक्यावरून उतरवली, चौकटीला पाठ लावली, चपलांवर बसली. त्या दिवशीची वस्तू होती एक गंजलेलं कुलूप. किल्ली नव्हती.

मी घसा साफ केला. वाघ दार ठोठावणारच होता. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "आज आजी सुरू करतील."

"एक होतं घर," तुळसाबाई म्हणाली. आणि थांबली.

आम्ही वाट पाहिली. ती आमच्याकडे पाहून राहिली, आम्ही तिच्याकडे. शेवटी मीच म्हटलं, "पुढं चला ना, बाई. गाडी लेट होऊन राहिली."

"हूं कोन देते?" तिनं विचारलं.

कोणालाच कळेना. मग तिनं सांगितलं. आमच्या गावाले अशी रीत होती, म्हणाली, का गोष्ट एकट्यानं नाही चालत. एकानं सांगाचं, एकानं हूं द्याचं. हूं म्हटलं का एक पाऊल पुढं. "आन् हूं थांबलं का गोष्ट तुही. ज्याचं हूं थांबलं त्यानं पुढची सांगाची."

खरं सांगतो, हुंकारा मलाही माहीत होता. आमच्याही घरी माझा आजा सांगायचा तेव्हा आम्ही हूं म्हणायचो. पण एसटीत कोण हूं म्हणतं? तिथं आपण बोलायचं, लोकांनी दांडा धरून ऐकायचं. रीत सुटली ती सुटलीच. आणि थांबलं त्यानं पुढची सांगायची, ही भानगड मात्र मी कुठंच ऐकली नव्हती.

हात कोणी वर केला? माझ्या रेवानं. वर्गात उत्तर येत असूनही तोंड न उघडणारी पोर ती.

"एक होतं घर."

"हूं."

"घराले होतं कुलूप."

"हूं."

"घरवाली कुलूप लावून निंगाली. मांगं पानी आलं. घर बुडालं. कुलूप बी बुडालं."

रेवा गप्प. कपाळाला आठ्या. मग म्हणते, "पण आजी, पान्यातल्या घराले कुलूप कायले? चोर त बुडून जाईल ना."

तुळसाबाईनं तीन दात दाखवले. "हूं थांबलं. गोष्ट तुही."

आणि काय सांगू! त्या मुक्या पोरीनं सांगायला सुरुवात केली. घरात मासे अडकले, म्हणाली. बाहेरचे मासे त्यांना भेटायला आले, दाराशी रांग लागली. एका झिंग्यानं मिशी कुलपात घालून पाहिली. दुसऱ्या पोराचा हूं थांबला, त्यानं खेकड्याला बोलावलं. तिसऱ्यानं किल्ली घरवालीच्या कमरेलाच राहिली असं सांगितलं, आणि मग ती घरवाली रोज तलावाच्या काठी येऊन पाण्याला किल्ली दाखवते. तास संपला तरी पोरं उठेनात. शेजारचा म्हातारा धोंडबा, जो माझ्या वाघालाही हसला नव्हता, तो धोतराच्या सोग्यानं डोळे पुसून राहिला होता.

संध्याकाळी रेवा खाटेवर आली नाही. मी हाक मारली. "सांगू का वाघाची?"

दारातूनच म्हणाली, "आबा, तुमच्या गोष्टीत हूं म्हनाले जागाच नाही."

मला वाघानं हाफ तिकिटात खाल्लं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी तुळसाबाईवर डोळा ठेवला. तिच्या खोडी गोळा करायला लागलो. एक, ती गोष्ट पाच-सहा वाक्यांपलीकडे कधी नेत नसे. दोन, वस्तू हातात घ्यायची, पदरानं पुसायची आणि कानाला लावायची. गंजका विळा असो की फुटका ट्रान्झिस्टर, जणू ती वस्तूच तिला काही सांगणार आहे. तीन, कुठल्याही पोराची गोष्ट कितीही भलतीकडे गेली तरी "असं नसते बावा" म्हणायची नाही. एका पोरानं चंद्रावर धानाची रोवणी, म्हणजे भातलावणी, काढली, तर ही विचारते, "चिखल कोन केला गा तिथं?" पोरगं तासभर चिखलच करत बसलं. आणि चार, तिचा हूं. तो तर मी विसरूच शकत नाही. आपण हूं म्हणतो ते सगळं एकसारखं. तिचे हूं वेगवेगळे होते. एक विचारणारा, एक घाबरलेला, एक "चाल, चाल" म्हणणारा, आणि एक असा लांब, की सांगणाऱ्याला वाटावं, आपल्या तोंडून आत्ता काहीतरी फार मोठं निघालं.

शनिवारी शाळेत गर्दी वाढायला लागली. वस्तीतले म्हातारे आले, पोरांच्या आया आल्या. माझ्यासमोर कोण? धोंडबा. तोही झोप काढायला.

तेव्हा मी डाव टाकला. पाचवीतल्या जितूला धरलं, आलूबोंडा खाऊ घातला, दोन, चटणीसकट. म्हटलं, "शनिवारी हूं द्याले तू बस. आन् हूं देऊच नको. एकही नाही. पाहू बुढी काय करते."

शनिवारी वस्तू होती कात्री. तुळसाबाई म्हणाली, "एक होता शिंपी."

जितू गप्प.

तिनं पुन्हा म्हटलं, "एक होता शिंपी."

जितू माझ्याकडे पाहून गप्प. मी छतावरच्या पाली मोजत होतो.

"बरं," तुळसाबाई म्हणाली, "पयल्याच पावलाले थांबलं. तुही गोष्ट. सांग."

आता जितूला आयुष्यात एकही गोष्ट येत नव्हती. पोरगं घामाघूम. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि मग म्हणालं, "एक होता कंडक्टर."

"हूं," तुळसाबाई म्हणाली.

"त्यानं मले आलूबोंडा देला."

"हूंऽऽ?"

"दोन देले. चटनी बी देली. म्हने, हूं देजो नोको."

अख्खा वऱ्हांडा माझ्याकडे वळला. भुरे मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. आणि ती बुढी हूं द्यायची थांबेना! जितू सांगत गेला आणि तिच्या हूंवर स्वार होऊन त्यानं मला पार उंदीर बनवलं. मोठा कंडक्टर उंदीर, शिट्टी गळ्यात, बिळातून आलूबोंडे वाटणारा. पोरं पोट धरून हसली. त्यांच्यात रेवाही होती. तो हसण्याचा आवाज मला ओळखू आला. तो पूर्वी माझ्या मालकीचा होता.

तास सुटल्यावर तुळसाबाई टोपली उचलताना माझ्यापाशी थांबली. एक शिंगाडा सोलून माझ्या हातावर ठेवला. "घ्या, कंडक्टर भाऊ. पोट्टं चांगलं सांगून राहिलं होतं ना? तुमीच त बीज पेरलं."

टोमणा होता की कौतुक, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. शिंगाडा मात्र गोड होता, हे कबूल करतो. वैऱ्याचा असला म्हणून काय झालं.

पण मी एसटीचा माणूस. विनातिकीट प्रवासी मला वासानं कळतो. ही बाई कुठंतरी विनातिकीट आहे, असं मला वाटत होतं. म्हणून एका दुपारी पुनर्वसनाच्या वस्तीत गेलो. तिच्या शेजारी तिच्याच गावचा एक म्हातारा जाळं विणत बसला होता. त्याला विचारलं, "काहो, तुळसाबाई तुमच्या गावाले बी अशाच गोष्टी सांगे का?"

तो हसायलाच लागला. "तुळसा? तिनं कवा सांगितली जी गोष्ट? सांगे त तिचा बुढा. आमचं सारं गाव आयके. हे त चाळीस वर्षं निसती हूं दे. आन् ते बी अर्ध्यापर्यंत. दिवसभर रोवणीत वाकून राहे, मंग हूं देता देता झोपून जाय. बुढा म्हने, तुळसी झोपली, आता बाकीची सकाळी. सकाळी हे पुन्हा रोवणीले."

"मग शेवट?"

"शेवट आयकाले ते जागी कुठं राहे?"

म्हणजे बघा! चाळीस वर्षांच्या सगळ्या गोष्टींची फक्त सुरुवात तिच्याजवळ होती. शेवट एकाही गोष्टीचा नाही. म्हणूनच ती पाचव्या वाक्याला पोरांच्या गळ्यात गोष्ट टाकत होती! "तिचा नवरा कुठं आहे?" मी विचारलं. म्हाताऱ्यानं जाळ्याची गाठ मारली. म्हणाला, इकडं आल्यावर बुढ्यानं गोष्ट सांगणंच सोडलं. त्याच्या गोष्टीत सारा आमचा घाट, आमची माणसं, आमचा पिंपळ. ते सारं पाण्याखाली. दोन वर्षं निसता बसून राहिला, मग गेला. हूं द्यायला तुळसी रोज त्याच्या बाजूला बसायची. तो बोलायचाच नाही.

हे शेवटचं मी ऐकून घेतलं, पण डोक्यात ठेवलं नाही. डोक्यात ठेवलं ते पहिलं. शनिवारी वऱ्हांडा भरलेला असताना मी उभा राहिलो आणि तिकीट तपासलं. मोठ्यानं म्हटलं, "मॅडम, या बाईला एकाही गोष्टीचा शेवट येत नाही. विचारा तिलाच. ही अर्धवट गोष्टीची बाई आहे!"

मला वाटलं, आता वीज पडेल. तुळसाबाई चौकटीला टेकलेली होती तशीच राहिली.

"नाही येत," ती म्हणाली. "बुढा सांगे, मले झोप लागे. म्हनून त इथं येतो ना जी. या पोट्ट्याईले शेवट येते. आतापर्यंत बारा-तेरा भेटले मले." मग रेवाकडे पाहून, "कुलपाचा त लई चांगला भेटला."

कोणी हसलं नाही. कोणी मला ओरडलंही नाही. रेवानं फक्त माझ्याकडे पाहिलं आणि तिच्याजवळ सरकून बसली. त्या दिवसापासून घरात माझ्याशी बोलायची, जेवायला वाढायची, पण खाटेकडे फिरकली नाही. बायको म्हणाली, "झालं समाधान? आता सांगा वाघाले." वाघही त्या दिवसांत माझ्याशी बोलत नव्हता.

मी तीन शनिवार शाळेत गेलो नाही. चौथ्या शनिवारच्या आधी कळलं, तुळसाबाईला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून महिन्याभरानं परत आणली. भुरे मॅडम वस्तीत जाऊन आल्या, तर बोलत काहीच नव्हती, पण मॅडमनी काही विचारलं की हूं मात्र म्हणायची. सगळ्या शब्दांमधून तेवढाच एक पाण्यावर राहिला होता.

पोरांनी हट्ट धरला आणि एका शनिवारी तिला ऑटोतून शाळेत आणलं. आयुष्यात पहिल्यांदा ती खुर्चीवर बसली होती. प्लास्टिकची लाल खुर्ची, मागं उशी, पाय जमिनीला पुरत नव्हते. चपला रेवानं काढून खुर्चीखाली जोडीनं ठेवल्या. मी फाटकाशीच उभा होतो. रेवा आली, माझं बोट धरलं आणि ओढत आत नेलं.

"आबा, आज तुमी सांगा. हूं आजी देते."

टोपलीत काय होतं ते मी पाहिलंच नाही. तिच्यासमोर खाली बसलो. म्हटलं, "एक होता वाघ."

"हूं," ती म्हणाली. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण हूं तोच, चाल, चाल म्हणणारा.

"जंगलाच्या वळणावर उभा होता."

"हूं?"

काय सांगू तुम्हाला. ती गोष्ट मी हजार वेळा सांगितली असेल, दहा हजार धरा. पण वाघ वळणावर का उभा होता, हे मला तोपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. तिच्या त्या एका हूंनं विचारलं. आणि मी सांगून राहिलो! म्हातारा झाला होता, म्हटलं. "हूं." त्याची वाघीण गेली होती, पिल्लं दुसऱ्या जंगलात कामाला होती. "हूंऽऽ." एकटा बसून बसून कंटाळला आणि वाटलं, बाजार तरी पाहून यावा. तिकीट, आधार कार्ड, नखं, सगळं आलं, पण सावकाश. प्रत्येक वाक्यानंतर थांबलो, तिनं पुढं सोडल्यावरच निघालो. त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, आणि ती चांगली नव्हती. मला तिच्या बुढ्याचा हेवा वाटला. इतके दिवस मी उगाच तिच्यावर जळत होतो. जळायचं होतं त्याच्यावर. चाळीस वर्षं असा हूं मिळाला त्या माणसाला, रोज, फुकट!

गाडी लाखांदूरच्या अलीकडं आली. "वाघ सीटवरून उठला," मी म्हटलं.

हूं आला नाही.

मी वर पाहिलं. तिचे डोळे मिटले होते, मान उशीवर कलली होती. छाती हळू वरखाली होत होती. ओठाचा जो कोपरा अजून तिचा होता, तो जरासा वर गेलेला. खरंच झोपली होती, की माझ्या वाघाला कंटाळली होती, देव जाणे. ती बाई शेवटपर्यंत माझ्यापेक्षा लबाड.

जितू म्हणाला, "हूं थांबलं. आता गोष्ट आजीची."

"पण आजी त बोलतच नाही," दुसरं कोणी म्हणालं.

सगळे माझ्याकडे पाहून राहिले. शेवट माझ्या जिभेवर होता. लाखांदूरचा स्टँड, बाजाराची गर्दी, हमखास हशा. भटजीला विचारा. मी तो शेवट गिळला आणि हळूच म्हटलं, "तुळसी झोपली. बाकीची सकाळी."

पोरं उठली नाहीत. ती जागी होऊ नये म्हणून भुरे मॅडमनी घंटाही वाजवू दिली नाही. पन्नास पोरं श्वास धरून बसली होती, आणि त्या मधोमध लाल खुर्चीत तुळसाबाई, पाय अधांतरी, खाली जोडीनं ठेवलेल्या चपला. मी तिला पाहिलं ते तेवढंच, शेवटचं.

त्याच दिवशी दिवेलागणीला रेवा आली आणि खाटेच्या कडेला बसली.

"आबा, वाघ उतरला कुठं?"

तिला माहीत होतं. गावातल्या कुत्र्यांनाही माहीत होतं.

"आजी जागी झाली का सांगतो," मी म्हटलं.

तिनं पाय खाटेवर घेतले. मग माझ्या उशीवर डोकं टेकवून म्हणाली, "हूं."